फिरून न येणारी गाडी

नियम शिकवताना तो कुठवर लागू पडतो हेही शिकवावे लागते. मी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि वर्गात ही सावधगिरी नेहमी पाळली. ‘बहुतेक मोठ्या नद्या डोंगरात उगम पावतात’ असे फळ्यावर लिहिले की ‘बहुतेक’ या शब्दाखाली मी मुलींना रेघ ओढायला लावत असे. निवृत्त झाल्यावर मात्र मी एका विद्यार्थिनीला एक नियम त्याच्या मर्यादेशिवाय शिकवला. ही विद्यार्थिनी माझ्याहून एका वर्षाने मोठी. त्या नियमाचा, आणि त्यानंतर मी केलेल्या एका गोष्टीचा, भार तिने उचलला, मी नाही.

मी सिंगापूरला पुंगोलमध्ये मुलीच्या घरी राहते. नातू लहान होता म्हणून आले आणि राहून गेले. शेजारच्या ब्लॉकमध्ये अमरावतीच्या एक बाई त्यांच्या मुलाकडे राहतात. मुलगा आणि सून दोघेही इंजिनिअर, नात सात वर्षांची. आमची ओळख ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत झाली. नातू सायकल घेऊन पळत होता आणि मी मराठीतून त्याला ओरडत होते. मागून आवाज आला, “वर्ग सुटला काय, बाई?” मी शिक्षिका होते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, आवाजावरून त्यांनी ओळखले. त्या दिवसापासून मी त्यांची ‘बाई’ आणि त्या माझ्या ‘ताई’.

ताई सातवीपर्यंत शिकलेल्या. यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते, ते वारल्यावर मुलाने त्यांना इकडे आणले. घरात बुद्धांची मूर्ती आहे. पौर्णिमेला ताई खीर करतात आणि त्यातली एक वाटी माझ्याकडे येते. मी दिलेले कोणतेही मराठी पुस्तक त्या आठवड्यात वाचून परत करीत आणि त्यावर मला प्रश्नही विचारीत. इंग्रजी पाट्यांपुढे मात्र त्या थांबत. सिंगापुरात येऊन दोन वर्षे झाली तरी एकट्याने ब्लॉकबाहेर पडत नव्हत्या. मुलगा कामावर, सून कामावर, नात शाळेत, ताई खिडकीत. हे मला पाहवेना. मी त्यांना शिकवायचे ठरवले.

पुंगोलची एलआरटी, म्हणजे वस्तीत उंचावरून धावणारी छोटी रेल्वे, ही शिकवायला उत्तम गोष्ट आहे. दोन वर्तुळे, एक पूर्वेकडचे आणि एक पश्चिमेकडचे. दोन्ही पुंगोल स्टेशनातून निघतात आणि फिरून तिथेच येतात. मी वहीत आकृती काढली, आमच्या पूर्वेच्या वर्तुळावरची स्टेशने मांडून त्यांची नावे मराठीत लिहिली. तीन दिवस दोघी मिळून फिरलो. चौथ्या दिवशी ताईंनी विचारले, “अन् चुकली म्हंजे? भलत्याच गाडीत बसली तं?”

“चुकलं तर घाबरायचं नाही आणि उठायचं तर मुळीच नाही,” मी म्हणाले. “जागेवर बसून राहायचं. गाडी फिरून परत इथेच येते.”

“म्हंजे फिरून फिरून भोपळे चौकात!” असे म्हणून ताई इतक्या हसल्या की समोर बसलेल्या चिनी आजीबाईही कारण न कळता हसू लागल्या.

वर्षभरात ताई कुठल्या कुठे गेल्या. प्रवासाचे कार्ड त्यांच्या पर्समध्ये, पर्स खांद्यावर. एमआरटी म्हणजे मेट्रो झाली, बस झाली. दर मंगळवारी नातीला शाळेत सोडले की त्या एकट्या बसने पासिर रिसला जात आणि समुद्राकाठच्या बाकावर तासभर बसून येत. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो एकसष्टाव्या वर्षी. “तिथं बसून काय करता?” मी एकदा विचारले. “काहीच नाही. कोनी विचारत नाही, काय करता म्हनून,” असे उत्तर मिळाले. मला राग आला नाही. उलट शिक्षकाला होतो तो आनंद झाला. विद्यार्थी आपल्याशिवाय चालू लागला की तो होतो, आणि त्यात थोडा गर्वही असतो.

पुढच्या जून महिन्यात, शाळांच्या सुट्टीत, माझ्या मुलीची एक परिषद स्लोव्हेनियात होती. तिथे ब्लेड नावाचे एक तळे आहे, त्याच्या काठी. मुलगी म्हणाली, “आई, तूही चल. दिवसभर मी कामात असेन, पण तुला नकाशा दिला की तू सुखी.” मी ताईंना बरोबर घ्यायचे सुचवले. ताईंचा मुलगा लगेच तयार झाला. “मावशी, तुम्ही आहात म्हणून पाठवतो,” तो म्हणाला. स्लोव्हेनिया हा देश कुठे आहे हे पुंगोलमधल्या आमच्या ओळखीच्या कोणालाच नीट माहीत नव्हते. अर्ध्यांना तो स्लोव्हाकिया वाटला. वर ऑस्ट्रिया, डावीकडे इटली, उजवीकडे हंगेरी, खाली क्रोएशिया. एवढे सगळे मोठाले शेजारी आणि मधे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा हा देश. मी ताईंना आकृती काढून दिली. त्यांनी ती पर्समध्ये ठेवली.

विमानतळावर ताईंच्या मुलाने आईचा पासपोर्ट माझ्या हातात दिला. ताई आम्हा दोघांच्या मधे उभ्या होत्या. तो पासपोर्ट त्यांच्या डोक्यावरून इकडून तिकडे गेला आणि ते आम्हा तिघांपैकी कोणालाच खटकले नाही.

येथे शाळेच्या सहलींची एक पद्धत सांगायला हवी. सहलीला निघताना मुलींचे पैसे, ओळखपत्रे, औषधे, सगळे बाईंकडे जमा होते. बाईंच्या गळ्यात एक पिशवी असते आणि सहल संपेपर्यंत ती गळ्यातून निघत नाही. हरवण्यापेक्षा हे बरे. मी एकतीस सहली अशाच नेल्या आणि एकही वस्तू गहाळ झाली नाही. स्लोव्हेनियात पोहोचल्यावर पहिल्या सकाळी मी तेच केले. दोन पासपोर्ट, आमचे युरो, तिकिटे, ताईंच्या मधुमेहाच्या गोळ्या. ताईंचा फोन जुना होता, दुपारपर्यंत त्याची बॅटरी उतरे. तोही मी माझ्या पिशवीत पॉवर बँकेवर चार्जिंगला लावून ठेवत असे.

“म्हंजे माझ्यापाशी काय राहिलं?” ताईंनी विचारले.

“खाण्याची पिशवी.”

“हे बरं आहे. हमाली तेवढी माझी.”

आम्ही हसलो. त्या हसल्या म्हणून मी हसले, की मी हसले म्हणून त्या, हे आता सांगता येत नाही.

पहिले दोन दिवस सुंदर गेले असे मी माझ्या वहीत लिहिले आहे. सकाळची वेळ, पोहोचण्याची वेळ, काय पाहिले, परतण्याची वेळ, अशा चार रकान्यांत. त्या रकान्यांत जे बसले नाही ते ताईंनी पाहिले. गावोगाव शेतात लाकडी चौकटी उभ्या होत्या, आडव्या दांड्यांच्या, वर छोटेसे छप्पर. त्यावर गवत वाळत घातलेले. ताई थबकल्या. “ह्याले कुंपण म्हनाव का मांडव?” मी माहितीपुस्तकातून नाव वाचून दाखवले. “नाव राहू द्या. गवत ओलं आहे, खालून वारं लागावं म्हनून टांगलं. आमच्याकडे गंजी लावतात तं आतून तापते.” त्यांना कुंपणाशी जाऊन गवताला हात लावून पाहायचे होते. पलीकडे एक बाई दाताळ्याने गवत ओढत होती, तिने मान वर करून हात हलवला. मी घड्याळ पाहिले.

“ताई, बस चुकेल.”

“काहून एवढी घाई करता, बाई? डोंगर काय पळून जाते?”

“डोंगर नाही, बस जाते.”

ताई आल्या. बस सात मिनिटे उशिरा आली. त्या सात मिनिटांत गवताला हात लावून झाला असता.

तिसऱ्या दिवशी आगगाडी होती. ब्लेडहून बोहिन खोऱ्याकडे जाणारी ही छोटी गाडी नदीच्या काठाने जाते. बोहिनच्या स्टेशनापुढे एक लांब बोगदा आहे. अलीकडचे पाणी सावा नदीतून डॅन्यूबला आणि तिथून काळ्या समुद्राला मिळते. पलीकडचे सोचा नदीतून एड्रियाटिकला. एका डोंगराने दोन समुद्रांची वाटणी केली आहे. हे मी ताईंना तिथे, बोगद्याचे तोंड दाखवून समजावणार होते. आम्हांला बोगद्याच्या अलीकडे उतरायचे होते.

गाडी वेळापत्रकापेक्षा चार मिनिटे मागे होती. मी वेळ पाहून स्टेशने मोजत होते आणि चार मिनिटांच्या फरकात एका स्टेशनाची चूक होण्यासारखी होती. गाडी थांबली. आमचा डबा मागचा. पाटी पुढे होती, दिसत नव्हती. ताई खाण्याची पिशवी आवरू लागल्या. मी म्हणाले, “थांबा. हेच स्टेशन का ते मी बघून येते. मी सांगितल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही.”

हे वाक्य मी सहलीत शेकडो वेळा उच्चारले असेन. मी उतरले, दहा-बारा पावले पुढे गेले, पाटी वाचली. स्टेशन बरोबर होते. वळले तेव्हा दारे बंद झाली होती.

गाडी माझ्यासमोरून गेली. खिडकीत ताई होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी हाताचा पंजा खाली-वर हलवला: काळजी करू नका, मी बसली आहे. मग बोटाने हवेत एक गोल काढला. गाडी बोगद्यात शिरली.

गोल काढायला त्यांना मी शिकवले होते.

स्टेशनावर लाल टोपी घातलेली एक तरुण अधिकारी बाई होती. तिला इंग्रजी येत होते. मी घडले ते सांगितले. तिने शांतपणे विचारले, त्यांचा पासपोर्ट? मी गळ्यातली पिशवी उचलून दाखवली. फोन? पुन्हा पिशवी. तिकीट? पिशवी. मग तिने विचारले, “त्यांच्याजवळ आहे तरी काय?” मी म्हणाले, खायला आहे. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी हे इंग्रजीत कसे सांगावे ते मला सुचले नाही.

तिने पुढे फोन केले. पुढच्या स्टेशनावर ताईंना उतरवून ठेवायचे ठरले. थोड्या वेळाने तिला उलट फोन आला आणि ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर हसू आले. “त्या उठत नाहीत,” ती मला म्हणाली. “सीट घट्ट धरून बसल्या आहेत. तिकीट तपासनीस म्हणतो, त्या सारख्या बोटाने गोल काढून दाखवतात. आता शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊ दे, तिथे कोणीतरी सांभाळील.” शेवटचे स्टेशन नोवा गोरित्सा. इटलीच्या सरहद्दीवर.

पुढची गाडी दोन तास दहा मिनिटांनी होती. मी फलाटावरच्या बाकावर बसले. गळ्यात दोन पासपोर्ट. अकरा वाजता ताईंच्या फोनची घंटा वाजली. तो त्यांनी गोळीसाठी लावलेला गजर होता. मी तो बंद केला. मुलीला फोन करावा असे मनात आले आणि मी केला नाही. आधी सापडू देत, मग सांगू. आज मी त्या निर्णयाकडे पाहते तेव्हा मला त्यात ताईंची काळजी दिसत नाही. मला सापडतो तो माझा एकतीस सहलींचा हिशेब. त्यात हरवलेली म्हणून एकाही मुलीचे नाव लाल शाईत नव्हते.

नोवा गोरित्साच्या फलाटावर ताई नव्हत्या. एका कर्मचाऱ्याने बाहेर बोट दाखवले. स्टेशनसमोर मोठा चौक आहे. त्या चौकाच्या मधून दोन देशांची हद्द जाते. जमिनीत एक गोल खूण बसवली आहे, तिच्या अलीकडे स्लोव्हेनिया, पलीकडे इटली. पूर्वी तिथे कुंपण होते. आता लोक एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. पलीकडच्या बाजूला सावलीत दोन म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. एक स्थानिक होती, दुसऱ्या ताई. दोघींच्या मधे स्टीलचा डबा उघडा होता आणि ती बाई धपाट्याचा तुकडा चावत मान डोलावत होती. ताई पासपोर्ट, तिकीट, फोन, यांतले काही नसताना परदेशातून आणखी एका परदेशात जाऊन बसल्या होत्या.

मी जवळ गेले. त्यांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या उठू लागल्या. अशा वेळी मी काय बोलायला हवे होते याची यादी मी गाडीत तयार केली होती. तोंडून निघाले ते हे:

“इथे कुठे येऊन बसलात? जागेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!”

वर्गातला आवाज. त्या अनोळखी बाईचा हात डब्यातच थांबला.

ताई तशाच अर्धवट उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “बसूनच तं होती, बाई. गाडीच सरली.”

त्यांनी डबा बंद केला, त्या बाईच्या हाताला हात लावला आणि माझ्या मागून चालू लागल्या. परतीच्या गाडीत बोगदा आला तेव्हा मी त्यांना पाण्याच्या वाटणीबद्दल सांगितले नाही. त्यांनीच, खिडकीकडे पाहत, एवढे सांगितले: “जाताना अंधार झाला नं, तं मले वाटलं हेच ते वळन. आता उजेड आला की आपलं स्टेशन. मोठा गोल असन म्हटलं. सिंगापूरहून देश मोठा आहे.”

इथपर्यंत जे झाले ती चूक होती. चूक कबूल करता येते. संध्याकाळी मुलगी परिषदेहून परतली. आम्ही राहत होतो त्या घराच्या ओट्यावर ताई पायांवर पाणी घेत होत्या. मुलीला घरमालकिणीकडून काहीतरी कळले होते. स्टेशनवाल्या बाईची आणि घरमालकिणीची ओळख होती. “आई, काय झालं नक्की? मावशी हरवल्या होत्या?”

आणि मी म्हणाले, “अगं, काही नाही. त्यांना जरा डोळा लागला. मी उतरले, त्या झोपेत पुढे गेल्या.”

मी हे का म्हणाले याचे उत्तर सोपे आहे आणि म्हणून लाजिरवाणे आहे. मुलीपुढे मला चुकायचे नव्हते. ताईंनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिले. मग भांड्यातले उरलेले पाणी दुसऱ्या पायावर ओतले. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला: त्यांनी मला सांभाळून घेतले. दुसऱ्या सकाळी मुलीने ताईंच्या मुलाला फोनवर तेच सांगितले. ताईंकडे फोन दिला तेव्हा त्याचा मोठा आवाज मलाही ऐकू आला: “आई, तू झोपली काहून?”

सिंगापूरला परतल्यावर मुलाने जे केले ते त्याच्या जागी कोणीही केले असते. आईला प्रवासात झोप लागते, भान राहत नाही, साखर आहे. परक्या देशात ती, जवळ काही नसताना, तीन तास हरवली. त्याने आईचे एमआरटीचे कार्ड, सिंगापुरात राहण्याच्या परवान्याचा पास आणि पासपोर्ट आपल्या टेबलाच्या खणात ठेवले. “कुठे जायचं असेल तर शनिवारी मी नेईन ना.” शनिवारी त्याने खरोखर नेले. मरीन परेडला सुनेच्या मैत्रिणीकडे, मॉलमध्ये, एकदा पासिर रिसलाही. ताई म्हणाल्या, गाडीतून उतरलो, आइसक्रीम खाल्ले, गाडीत बसलो. मंगळवार गेला. ताई पुन्हा खिडकीत.

हे मी पाहत होते. सकाळी ब्लॉकखाली आम्ही चालत असू, पण ताई आता प्रश्न विचारीत नसत. पुस्तक दिले तर घेत. पंधरा दिवसांनी परत येई आणि त्यावर काही बोलणे होत नसे. मला रोज वाटे की आज त्यांच्या मुलाला सांगावे. रोज एखादे कारण सापडे. कारणे सापडण्याच्या बाबतीत शिकलेला माणूस फार कल्पक असतो. जुलै गेला, ऑगस्ट गेला.

सप्टेंबरात एका दुपारी लिफ्टमध्ये आम्ही चौघी होतो. ताई, त्यांची नात, मी आणि त्यांच्या मजल्यावरची एक शेजारीण. शेजारणीने नातीला सहज विचारले की हल्ली आजी बसस्टॉपवर दिसत नाही. नातीने खांदे उडवून सिंगापुरी इंग्रजीत सांगितले, “कॅनॉट गो अलोन, ला. आज्जी ऑल्वेज फॉल अस्लीप, देन गेट लॉस्ट.”

शेजारीण हसली. ताईंना यातले ‘आज्जी’ आणि ‘लॉस्ट’ हे दोन शब्द नक्की कळले. त्या दारावरचे आकडे वाचत राहिल्या. सात, आठ, नऊ. मी त्यांना वाचायला शिकवलेले इंग्रजी आकडे.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. काय बोलायचे ते कागदावर लिहून नेले होते, कारण तोंडी बोलताना मी स्वतःला सवलत देईन अशी मला भीती होती. मुलगा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता, नात जमिनीवर चित्र रंगवत होती, ताई स्वयंपाकघरात. मी उभी राहूनच वाचले. गाडीत ताईंना झोप लागली नव्हती. त्यांना बसून राहायला मी सांगितले होते. त्यांचे तिकीट, फोन, पासपोर्ट, गोळ्या सगळे माझ्या गळ्यात होते. त्यांनी मी शिकवलेला नियम पाळला, आणि नियम चुकीचा होता. झोपेची गोष्ट मी रचली.

मुलाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “मावशी, पण हे आईने मला का नाही सांगितलं?”

स्वयंपाकघरातून उत्तर आले. “तू विचारलं कधी? तू तं फोनवर डायरेक्ट म्हनला, झोपली काहून.” ताई हात पुसत बाहेर आल्या. माझ्याकडे पाहून त्या पुढचे बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरे झाले असते. “अन् खरं सांगू का, बाई? तुमी खोटं बोलान, असं माह्या मनातच नाही आलं. तुमी म्हनल्या डोळा लागला. तं मलेच वाटलं, लागला असन. तीन महिने मी तेच आठवून पाहून राह्यली. कुठं लागला, बोगद्यात का त्याच्या आंधी.”

मी कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली. त्यावर यापुढचे काही लिहिलेले नव्हते.

“मला माफ करा,” मी म्हणाले.

नातीने रंगखडू थांबवून विचारले, “सो आज्जी डिडन्ट फॉल अस्लीप?”

“नो,” ताई म्हणाल्या. तो एक शब्द त्या इंग्रजीत म्हणाल्या, तिला नीट कळावा म्हणून. मग मुलाकडे वळल्या. “खन उघड.”

मुलाने खण उघडला. कार्ड दिले, पास दिला, पासपोर्ट दिला. ताईंनी पासपोर्ट उघडून आपला फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. “बरा आला की. मले कोनी नीट दाखवलाच नव्हता.” तो घेऊन त्या आत गेल्या. डाळीच्या डब्याचे झाकण लागल्याचा आवाज आला. मग त्यांनी आतूनच विचारले, “चहात साखर घालू का, बाई, का सोडली?”

मी चहा घेतला. एरवी त्या माझ्यासमोर बसून चहा घेतात. त्या दिवशी त्यांनी नातीच्या चित्राजवळ बसून घेतला.

त्यानंतरच्या मंगळवारी मला पोस्टात काम होते. ते आटोपून मी घरी जाण्यासाठी पुंगोल स्टेशनात एलआरटीच्या फलाटावर आले. आमची घरे पूर्वेच्या वर्तुळावर आहेत. समोर पश्चिमेकडे जाणारी गाडी उभी होती आणि तिच्या खिडकीशी ताई बसल्या होत्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. माझ्या तोंडून शब्द निघालाच होता: “ताई, ही नव्हे!” तेवढ्यात दारे लागली. त्यांनी मला पाहिले की नाही, कोण जाणे. हात हलवला नाही, गोल काढला नाही. गाडी गेली.

माझी गाडी आली, मी तिच्यात चढले नाही. बाकावर बसले. ही गाडी फिरून येते. पंधरा-वीस मिनिटांत येईल. त्या बसून राहतील, येथेच येतील, मग आपण दोघी बरोबर घरी जाऊ. वाटेत मी त्यांना त्या डोंगराबद्दल सांगेन, एकीकडचे पाणी कुठल्या समुद्राला जाते आणि दुसरीकडचे कुठल्या. ते मी अजून सांगितलेले नव्हते.

मी घड्याळावर नजर ठेवून होते. सतरा मिनिटांनी गाडी आली. मी उठून खिडक्या पाहत गेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा एकदा. शाळेचे गणवेश, पोटाशी बाळ बांधलेली एक आई, भाजीची ढकलगाडी घेतलेले एक गृहस्थ. ताई नव्हत्या. त्या मधेच कुठेतरी, मी आकृतीत कधी न काढलेल्या कुठल्याशा स्टेशनावर, कोणाला न विचारता उठून उतरून गेल्या होत्या.